नमुने

काउंटरमागच्या बाईने त्याचं लायसन्स हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, आणि फायलीतल्या कागदांना भोकं पाडायच्या पंचमध्ये सरकवून वरून तळहाताने दाबलं. कच्. भोक नेमकं फोटोतल्या कानापाशी पडलं. प्लास्टिकची इवलीशी चकती काउंटरवर उडाली, ती तिने करंगळीने खाली लोटली आणि रजिस्टर पुढे केलं. "इथे सही करा. सहा महिने. नंतर अर्ज द्यायचा. दहा शनिवारांची हजेरी भरल्याशिवाय अर्ज घेत नाही आम्ही." हे सगळं तिने वर न बघता सांगितलं, आणि बोलता बोलताच मागच्या माणसाचा कागद घ्यायला हात लांब केला. त्याने सही केली. मग त्याला वाटलं, ही बाई दिवसाला अशी किती लायसन्सं भोसकत असेल, आणि एकाही फोटोकडे तिने धड पाहिलं नसेल. बाईच्या नखांचा रंग अर्धा उडालेला होता. टेबलावर चहाच्या कपाची गोल गोल वर्तुळं होती. असल्या माणसांच्या हातात कायदा असतो, असं मनाशी म्हणत तो बाहेर आला, आणि सवयीने पँटच्या खिशात गाडीची किल्ली चाचपत फुटपाथवर उभा राहिला. किल्ली घरी होती. बायकोने ती कपाटात ठेवली होती, आणि कुठल्या कपाटात ते त्याने विचारलं नव्हतं.

बावीस वर्षं या शहरातल्या पिऊन गाडी हाकणाऱ्या प्रत्येक माणसाचं रक्त त्याच्या प्रयोगशाळेत आलं होतं. पोलीस रक्त काढून घ्यायचे, सीलबंद बाटली यायची, सहायक ती यंत्रात घालायचा, आकडा यायचा, आणि अहवालाखाली मुख्य विश्लेषक म्हणून याची सही पडली की त्या माणसाचं काय ते ठरून जायचं. मर्यादा तीसची, म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम अल्कोहोल. तिसाच्या वर गेला की दंड, लायसन्स बंद. दुसऱ्यांदा सापडला की तुरुंग. सकाळी आल्या आल्या तो विचारायचा, "आज किती नमुने?" आणि हा शब्द तो दोन्ही अर्थांनी वापरायचा, हे प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. नमुनेच होते ते. त्यांची एकेक कारणं त्याला तोंडपाठ होती. खोकल्याचं औषध घेतलं होतं. दाढ दुखत होती म्हणून दाढेखाली थोडीशी धरली होती. मित्राने सरबत म्हणून दिली. माणूस चोरी करतो तेव्हा निदान त्यात काही डोकं चालवतो. हे लोक घोटभर पितात आणि मग पाच वर्षांच्या पोरासारखं खोटं बोलतात, याची त्याला किळस होती. साक्षीला त्याला वरचेवर कोर्टात जावं लागे. एकदा एका वकिलाने त्याला घोळात घ्यायला बघितलं, की साहेब, यंत्रात चूक होऊ शकते ना? तेव्हा तो म्हणाला होता, "चूक यंत्रात नसते, वकीलसाहेब. ती तुमच्या अशिलाच्या पोटात असते." सगळं कोर्ट हसलं होतं. न्यायाधीशांनीसुद्धा रुमाल तोंडाला लावला होता. पुढे कितीतरी वर्षं कोर्टाच्या कँटीनमध्ये लोक हे वाक्य त्याला ऐकवायचे, आणि तो आपल्याला त्यात विशेष काही वाटत नाही असा चेहरा करायचा.

स्वतः तो रोज संध्याकाळी घ्यायचा. लपवाछपवी नव्हती. प्रयोगशाळेतून टाकून दिलेलं काचेचं एक मोजपात्र त्याने घरी आणलं होतं, त्यावर बारीक रेघा होत्या, आणि तो दिव्याखाली धरून बरोबर रेघेपर्यंत ओतायचा, दोनदा. अंदाजाने ओतणाऱ्यांची त्याला कीव यायची. बायको एकदा म्हणाली होती, "मोजून घेतली म्हणजे काय ते औषध होतं का?" त्यावर तो म्हणाला होता की मोजणारा माणूस कधी बेवडा होत नाही. तिने वाद घातला नाही. तिने वाद घालायचं सोडलं त्याला बरीच वर्षं झाली होती, आणि हे आपल्या बोलण्याच्या वजनामुळे झालं अशी त्याची समजूत होती. मग प्रयोगशाळेतले हेडक्लार्क निवृत्त झाले, एका हॉटेलात दुपारचं जेवण ठरलं, आणि तिथे मोजपात्र नव्हतं. वेटर येऊन भरून जात होता. त्याने तीन मोजले, आणि तिसऱ्याच्या पुढे मोजायचं राहिलं. दुपारचे चार वाजले होते, स्वच्छ ऊन होतं, रस्ता ओळखीचा होता. एका वळणावर गाडीचं पुढचं चाक फुटपाथवर चढलं आणि फुलांच्या दुकानाबाहेरची बादली आडवी झाली. एवढंच. माणूस सोडा, कुत्रंसुद्धा मध्ये आलं नाही. पाणी वाहत रस्त्यावर आलं, त्यात पिवळी फुलं. तरुण पोलीस बाईने खिडकीवर टकटक केलं आणि नळी पुढे करून म्हणाली, "फुंका." तो म्हणाला, "मी कोण आहे कल्पना आहे का तुम्हाला?" ती म्हणाली, "नाही. फुंका."

रक्त काढताना त्याने दंड पुढे केला आणि दुसरीकडे पाहिलं. बाटलीवर लाख लागताना मात्र पाहिलं. त्याने स्वतःच बसवून दिलेली पद्धत होती ती. त्याची बाटली दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याच प्रयोगशाळेत जाणार होती, आणि तिथे सध्या जी सहायक होती ती एक सडसडीत, अबोल बाई होती, सहा वर्षं त्याच्या हाताखाली शिकलेली. त्याने तिला घरून फोन केला. काय सांगायचं ते त्याने ठरवलं नव्हतं. हवापाण्याचं बोलावं तसं तो म्हणाला, "फ्रीजचं तापमान मध्येच चढतं हल्ली. नमुना नीट राहिला नसेल तर तसा शेरा मारायचा असतो. तुला माहीत आहेच."  ती म्हणाली, "फ्रीज नीट आहे, सर." आणि मग, "मी तीनदा केला तुमचा. तिन्ही वेळा एकशे बारा आला." फोन ठेवल्यावर त्याला तिचा असा काही तिटकारा आला की तोंड कडू झालं. प्रामाणिकपणाचा नव्हे, त्या 'तीनदा'चा. पुन्हा पुन्हा बघताना ती कशाची तरी आशा करत असणार, हात जोडून यंत्रापुढे बसली असणार, म्हणजे तिला त्याची दया आली असणार. दया ही त्याने आजवर फक्त दुसऱ्यांना दिली होती, तीही फार थोडी.

कोर्टात वकील घ्यायला त्याने नकार दिला. वकील म्हणजे काय चीज असते हे त्याने बावीस वर्षं साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून पाहिलं होतं. न्यायाधीश बाई चाळिशीच्याही आतल्या होत्या. काही सांगायचं आहे का असं त्यांनी विचारल्यावर तो उभा राहिला आणि यंत्राच्या अचूकतेवर दहा मिनिटं बोलला. तापमानाचा परिणाम, नळीचं वय, पाच टक्क्यांचा फरक, दोन वाचनांमधली तफावत. बोलणं चांगलं झालं, हे त्याचं त्यालाच कळत होतं. सरकारी वकील बसल्या जागी काही कागद चाळत होता. तो उठला, आणि कसलाही आव न आणता, बाजाराची यादी वाचावी तसं, जुन्या एका खटल्यातलं ते वाक्य वाचून दाखवलं. चूक यंत्रात नसते. ती तुमच्या अशिलाच्या पोटात असते. या वेळी कुणी हसलं नाही. न्यायाधीश बाई म्हणाल्या, "हे तुमचंच आहे ना?" तो हो म्हणाला. दंड, सहा महिने लायसन्स बंद, आणि दहा शनिवार सक्तीचा वर्ग. खात्याने चौकशी लावली, सहीचा अधिकार काढून घेतला आणि त्याला तळमजल्यावर भांडारात बसवलं, जिथे रिकाम्या बाटल्यांचे खोके येतात आणि जातात. वर त्याच्या खुर्चीवर ती सहायक बसली. घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सापडलात याचं मला नवल नाही. इतकी वर्षं सापडला नाहीत, त्याचं आहे." आणि ती दुधाचं पातेलं उतरवायला गेली. मोजपात्र तिने टाकलं नाही, लपवलंही नाही. ते होतं तिथेच होतं, त्याच्या निर्णयावर सोडल्यासारखं, आणि हा तिचा सगळ्यात मोठा आगाऊपणा आहे असं त्याला वाटत राहिलं.

शनिवारचा वर्ग वाहतूक खात्याच्या एका लांबट खोलीत भरायचा. भिंतीवर अपघातांची चित्रं, छतावर कुरकुरणारा पंखा, आणि हात ठेवायला फळी असलेल्या बारा खुर्च्या. शिकवायला एक निवृत्त हवालदार होता, तो प्रत्येक वाक्याआधी "मंडळी" म्हणायचा आणि 'प्रतिक्षिप्त क्रिया' हा शब्द दर वेळी वेगळ्या ठिकाणी चुकायचा. विश्लेषक शेवटच्या रांगेत भिंतीकडे बसला आणि नमुने पाहू लागला. एक बिल्डर, सारखा घड्याळ बघणारा. एक कॉलेजातली शिक्षिका, काळा चष्मा न काढणारी. दोघे भाऊ, एकाच गाडीत सापडलेले, गाडी कोण चालवत होतं यावरून अजून भांडणारे. यांच्यासारखाच मीही, हा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही; आला, आणि दारावरच्या फेरीवाल्याला हाकलावं तसा त्याने तो हाकलला. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर एक पन्नाशीचा, रुंद पंजांचा माणूस येऊन बसला. मधल्या सुट्टीत त्याने आपला डबा उघडून विश्लेषकापुढे धरला. "घ्या साहेब. मी ओळखलं तुम्हाला. म्हणजे चेहऱ्याने नाही, हजेरीपटावरच्या नावावरून. नऊ वर्षांपूर्वी माझ्या रिपोर्टवर तुमची सही होती. मी तो कागद इतक्या वेळा वाचलाय ना, तुमच्या सहीचं वळणसुद्धा काढून दाखवेन." आणि त्याने खरंच बोटाने खुर्चीच्या फळीवर ती सही काढली, शेवटच्या फराट्यासकट. त्यात राग नव्हता. जुना शाळासोबती भेटावा तसा तो खूश दिसत होता.

तो एका गोदामाची व्हॅन चालवायचा. पुढच्या शनिवारी, आणि त्याच्या पुढच्या, वर्ग सुटल्यावर दोघांची बस एकच असल्यामुळे व्हॅनवाला बोलत राही आणि विश्लेषक खिडकीबाहेर बघत राही. नऊ वर्षांपूर्वी सकाळी अकरा वाजता नाक्यावर त्याला अडवलं होतं. आदल्या दिवशी मेहुण्याकडे थोडी झाली होती, हे तो कबूल करी. सकाळी खोकल्याचं औषध घेतलं होतं. विश्लेषकाने इथे डोळे मिटून घेतले. खोकल्याचं औषध. "मला स्वतःला काही चढल्यासारखं वाटत नव्हतं, साहेब. पण कागद आला, सत्त्याहत्तर. मर्यादा तीस आणि मी सत्त्याहत्तर. नोकरी गेली. त्याच गोदामात पाठीवर पोती वाहिली मी चार वर्षं, माझीच व्हॅन भरायची आणि दुसऱ्याने चालवायची. बायकोला शपथेवर सांगितलं, नव्हतो मी प्यालेला. ती म्हणाली, कागद कशाला खोटं बोलेल? थोरल्या भावानेही तेच म्हटलं. मग मलाही वाटायला लागलं, की असेन बुवा. माणसाला स्वतःचं स्वतःला काय कळतं? आणि असेन तर असेन, म्हणून मग प्यायलाच लागलो. आता दुसऱ्यांदा सापडलो, महिनाभर आत जाऊन आलो. या वेळी प्यालो होतो, त्यात वाद नाही." बस एका खड्ड्यात आदळली. व्हॅनवाल्याने पुढच्या सीटचा दांडा धरला. "एकच विचारायचंय तुम्हाला. घाई नाही, आठवून सांगा. ते सत्त्याहत्तर बरोबर होतं ना? तुम्ही नुसतं हो म्हणा, म्हणजे तो किडा माझ्या डोक्यातून जाईल. बायकोकडे माफी मागायला मोकळा मी."

बघून सांगतो, असं तो म्हणाला. का म्हणाला, ते त्याला कळलं नाही. हो म्हणायला एक अक्षर पुरलं असतं. या माणसाच्या कपड्यांना पोत्याचा वास येत होता, त्याच्या आवाजात एक लोचट विश्वास होता, आणि त्या विश्वासाने विश्लेषकाच्या अंगावर शहारा येत होता, कुणीतरी ओला हात खांद्यावर ठेवावा तसा. सोमवारी तो भांडारातून जिना चढून वर गेला. आपल्या जुन्या खोलीच्या दाराशी त्याला उगाच थांबावंसं वाटलं, आणि तो थांबला नाही. सहायक चटकन उठून उभी राहिली. त्याने नऊ वर्षांपूर्वीचं रजिस्टर मागितलं. ती म्हणाली, "सात वर्षांवरची सगळी नष्ट केली, सर. यादीवर तुमचीच सही आहे." "त्या वेळी यंत्राचे आकडे कोण लिहायचं?" "माझ्या आधीचे. ते पेंगत बसायचे ते." तिला हसू आलं आणि तिने ते आवरलं. "त्यांचा इंग्रजीतला एक आणि सात ओळखू यायचा नाही म्हणतात. मी आले तेव्हा पहिला महिना त्यांची जुनी पानंच लावत होते, तर टाईप करणाऱ्या बाई म्हणायच्या, जे जास्त वाटेल ते मारा, साहेब कुठे बघतात." बोलून गेल्यावर तिचा चेहरा पडला. तो जिना उतरला.

खाली खोक्यांच्या रांगेत स्टुलावर बसल्यावर त्याला ते सगळं अगदी स्वच्छ दिसायला लागलं. दुपारी चार वाजता यायचा तो गठ्ठा. यंत्राच्या आकड्यांचं हाताने लिहिलेलं पान आणि टाईप केलेला अहवाल, दोन्ही एकत्र टाचलेले, ताडून बघून मग सही करायची असा नियम, आणि तो नियमही त्यानेच लिहिलेला. फोन खांद्यात धरून तो कागदाचा फक्त खालचा कोपरा उचलायचा. कोपरा, सही, कोपरा, सही. तीस सह्यांना चार मिनिटं. कधी कधी तो वेळ लावून बघायचा. आणि तो पेंगणारा माणूस, त्याचा एकाच्या डोक्यावर आडवी रेघ ओढायचा चाळा. त्याला ते ठाऊक होतं, एकदा त्याने त्यावरून त्याची सगळ्यांसमोर थट्टाही केली होती, की तुमच्या हातात बँक दिली तर आम्ही सगळे श्रीमंत होऊ. थट्टा केली होती, आणि गठ्ठा ओढून सह्या केल्या होत्या. सतरा किंवा सत्त्याहत्तर. सतराच्या माणसाला चहा पाजून घरी पाठवतात. त्याने समोरचं एक खोकं उघडलं, बंद केलं. हे नमुने काही देव नव्हेत, तो मनाशी म्हणाला, प्यालेलाच असणार तो, मेहुण्याकडे झाली होती म्हणतो ना. पण अर्ध्यावरच हे वाक्य त्याला आपलं वाटेनासं झालं. कुठल्यातरी मूर्खाचं वाक्य ऐकत असल्यासारखं वाटलं, आणि तो मूर्ख कोण ते बघायला मान वळवायची गरज नव्हती.

शनिवारी त्याने 'हो, बरोबर होतं' असं म्हणायचं ठरवून ठेवलं होतं. वर्गभर त्याच्या जिभेवर ते तयार होतं. हवालदार फळ्यावर ब्रेक लागायचं अंतर काढत होता. वर्ग सुटला, दोघं थांब्यावर आले. ऊन होतं, थांब्यावर तिसरं कुणी नव्हतं. व्हॅनवाल्याने काही विचारलं नाही. नुसतं बघितलं, लहान मुलं बाहेरून आलेल्या माणसाच्या हाताकडे बघतात तसं. आणि विश्लेषकाच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं. त्यात खरेपणा किती आणि त्या नजरेचा वीट किती, हे त्याला पुढेही कधी नीट सांगता आलं नसतं.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "मी पाहिलं नव्हतं."

"म्हणजे?"

"सही केली. आत काय लिहिलंय ते वाचत नव्हतो मी. कुणाचंच."

व्हॅनवाला थोडं हसला, साहेब गंमत करतात असं समजून. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे त्यातून निघून गेले. "पण रजिस्टर असेल ना."

"नाही. नष्ट झालंय." आता थांबता येत नव्हतं. "लिहिणाऱ्याचा एक आणि सात सारखाच दिसायचा. सतरा असू शकतं. सत्त्याहत्तरही असू शकतं. आता ते कुणालाच कळणार नाही."

"सतराला काय होतं?"

"काही नाही. सोडून देतात."

व्हॅनवाल्याने मान डोलावली. पुन्हा डोलावली. त्याने हातातली डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तो अंगावर येईल, गचांडी धरेल, म्हणून विश्लेषकाने पाय जरा रोवले होते, आणि खरं तर त्याची वाट बघत होता. मारामारी करणाऱ्या माणसाचं काय करायचं ते त्याला ठाऊक होतं, त्याच्याकडे वरून बघायचं. पण तो माणूस नुसता उभा राहिला. मग म्हणाला, "मला वाटायचं, निदान कुणीतरी बघितलं असेल." आवाज चढलेला नव्हता. विश्लेषकाला सांगितलंय असंही त्यात नव्हतं. बोलून झाल्यावर त्याने विश्लेषकाकडे एकदा पाहिलं, बुटांपासून वर, चेहऱ्यापर्यंत, एखादी वस्तू विकत घेतल्यावर कुजकी निघाली तर पाहतात तसं, आणि मान फिरवली.

बस आली. विश्लेषक चढला आणि सवयीने उजवीकडच्या दुहेरी सीटवर खिडकीपाशी सरकला. मागून कुणी चढलं नाही. कंडक्टरने दारातून वाकून विचारलं, "येताय का?" व्हॅनवाल्याने पिशवीचा हात हलवून नको म्हटलं. पुढची बस पाऊण तासाने होती, हे दोघांनाही माहीत होतं. तो थांब्याच्या खांबाला टेकला आणि रस्त्याकडे, पुढची बस जिकडून येईल तिकडे तोंड करून उभा राहिला. कंडक्टरने घंटी ओढली.